ग्रंथालयाच्या दारातला फळा

असं समजा, की खडू तुमच्या हातात आहे. समोर काळा फळा, पुरुषभर उंचीचा, आणि त्याच्या मधोमध एक उभी पांढरी रेघ. रेघेच्या डावीकडे लोकांनी विचारलेले प्रश्न, उजवीकडे तुम्ही शोधून काढलेली उत्तरं. फळा ग्रंथालयाच्या दारात आहे, तोंड थेट रस्त्याकडे. तुमच्या पाठीशी माणसं उभी आहेत. कुणी सायकलवरून उतरलेलंच नाही, एक पाय जमिनीला टेकवून थांबलंय. एका बाईच्या कडेवर मूल आहे आणि ते तहानेने किरकिरतंय. ती म्हणते, "हो की नाही, तेवढंच सांगा ना."

डावीकडचा प्रश्न असा: 'पाण्याच्या टाकीत मेलेलं जनावर सापडलं का?'

'हो' लिहिलंत तर अर्धी वस्ती नळाचं पाणी पिणं थांबवेल. 'नाही' लिहिलंत आणि ते चुकलं, तर पुढचं सगळं तुमच्या माथी. 'माहीत नाही' लिहिलंत, तर मागे उभी असलेली माणसं म्हणतील, मग तुम्हाला इथे बसवलंय तरी कशाला? बोला, काय लिहाल?

त्या दिवशी फळाताईंनी 'हो' लिहिलं.

त्यांना सगळे फळाताईच म्हणतात. नवखा माणूस हे नाव ऐकून त्यांच्याकडे केळ्यांचा भाव विचारतो आणि शेजारचे हसतात. ग्रंथालयातल्या संगणकांची जोडणी बिघडली होती, ती नीट करायला मी गेलो, तेव्हा त्यांची ओळख झाली. त्या काळात त्या फळ्यावर नव्हत्या, मागच्या खोलीत फाटक्या पुस्तकांना कागदी पट्ट्या चिकटवत होत्या. त्या तिथे का बसल्या होत्या ते मला हळूहळू कळलं. थोडं त्यांच्याकडून, थोडं इतरांकडून. प्रत्येकाला मी विचारलं, की तुम्हाला हे कसं माहीत. ती सवय मला त्यांनीच लावली.

फळा सुरू झाला जुन्या ग्रंथपालांच्या काळात. एकदा शाळेची भिंत पडल्याची आवई उठली. आयाबाया हातातलं काम टाकून अनवाणी धावल्या, फाटकाशी चेंगराचेंगरी झाली, एका बाईचा हात मोडला. भिंत जागच्या जागी उभी होती. जुने ग्रंथपाल तेव्हा समितीच्या बैठकीत म्हणाले, "कपाटातल्या माहितीला आपण कुलूप लावतो, वाळवी लागू देत नाही. रस्त्यावरच्या माहितीला मात्र कुणी वाली नाही." त्यांनी फळा लावून घेतला. नगरपालिकेकडून एक ठरावही करून घेतला, की ग्रंथालयातून फोन आला तर कुठल्याही खात्याने त्याच दिवशी उत्तर द्यायचं. मग खडू कुणाच्या हाती द्यायचा, असा प्रश्न आला. पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर एक बाई होत्या, त्याच पुढे फळाताई झाल्या. अक्षर टपोरं, आणि फोनवरचा आवाज असा की समोरच्या कारकुनाला 'साहेब जागेवर नाहीत' म्हणायचा धीर होत नसे.

कामाची पद्धत ठरली ती साधी होती. कुणी प्रश्न आणला की तो लगेच डावीकडे लिहायचा, म्हणजे विचारणाऱ्याला कळतं की आपली दखल घेतली. उजवीकडे काही लिहिण्याआधी दोन अशा माणसांना विचारायचं, ज्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. दोघांचं जुळलं तर लिहायचं.

लोकांना याची इतकी सवय झाली की थट्टाही होऊ लागली.

"फळाताई, माझा जावई नांदवायला नेईल का पोरीला, तेवढं लिहा की."

"दोन ठिकाणी विचारलं मावशी. दोन्हीकडे म्हणाले, असला जावई आम्ही पाहिलेला नाही."

घरीही तेच. नवरा बस डेपोत ब्रेक दुरुस्त करतो, मुलगी शाळेत शिकते, सासूबाई दारात बसून सगळ्यांवर लक्ष ठेवतात. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्याकडे मीठ संपलं की नाही हेसुद्धा ही दोघांना विचारून ठरवते. तोवर भाजी अळणी."

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. तिथून चार पानांचं साप्ताहिक निघतं. आधी ते एका छापखान्याच्या माळ्यावर होतं. छापखानावाल्याच्या मेव्हण्याबद्दल काहीतरी छापून आलं आणि माळा रिकामा करावा लागला. तेव्हा ग्रंथालयाने खोली दिली, वीज दिली, नगरपालिकेचे ठराव वाचायला एक टेबल दिलं. अट एकच घातली, आणि ती साप्ताहिकावर नव्हती, ग्रंथालयावर होती: छापून होईपर्यंत ग्रंथालयातल्या कुणीही मजकूर बघायचा नाही. खोलीची एक किल्ली साप्ताहिकाकडे. दुसरी लाखेने बंद केलेल्या पाकिटात, ग्रंथालयाच्या कपाटात, आग लागली तर काढायची म्हणून. साप्ताहिकाने खोलीत राहायचं की नाही हेही ग्रंथालय समितीच्या अध्यक्षांच्या हातात नव्हतं. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून काही वाचक निवडले जात, ते ठरवत.

साप्ताहिकाची संपादक म्हणजे टाचणी. बारीक अंगाची, बोलणं त्याहून बारीक, आणि जिथे लागायचं तिथेच लागणारं. जिन्यावरून उतरताना फळाताई विचारायच्या, "काय गं, आज कुणाला टोचलंस?"

"अजून कुणी ओरडलं नाही ताई. नेम चुकलेला दिसतोय."

रोजचा चहा दोघी एकत्र प्यायच्या. खाली, टेबलावर. वर फळाताई कधीच जायच्या नाहीत.

तर तो टाकीचा दिवस. ग्रंथालयासमोर एका इस्त्रीवाल्याची टपरी होती. सकाळीच तो रस्ता ओलांडून आला. "ताई, टाकीवर शिडी लावून माणसं चढलीत. गिऱ्हाईक म्हणत होतं, आत जनावर मेलंय. खरं का हो?"

फळाताईंनी प्रश्न डावीकडे लिहिला, मोठ्या अक्षरात, कारण पाण्याचा प्रश्न होता. मग पाणीपुरवठा खात्याला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. मधल्या वेळात इतर कामं आली, पुस्तकं परत आली, एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र कुणी पळवलं म्हणून भांडून गेले. दुपार व्हायला आली आणि फळ्यासमोर गर्दी वाढली.

त्यांनी सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकेला फोन केला. ती म्हणाली, "हो ना, आमच्याकडेही तेच कळलंय. आम्ही पेशंटना नळाचं पाणी देणं बंद केलंय." मग शाळेच्या मुख्याध्यापिकेला. त्या म्हणाल्या, "हो, हो. आम्ही तर सकाळीच नळांना दोऱ्या बांधल्या." दोघी जबाबदार बायका. एकमेकींना ओळखतही नव्हत्या. आणि दोघींनी नुसतं ऐकलं नव्हतं, तसं वागायलाही सुरुवात केली होती.

पद्धत पाळली गेली. उत्तर उजवीकडे गेलं.

दिवस मावळता मावळता पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर फोनवर सापडला. दिवसभर टाकीवर उभा राहून त्याचा आवाज बसला होता. "जनावर? कुणी सांगितलं? गाळ काढतोय आम्ही, दरवर्षी काढतो तसा. पाणी चांगलं आहे." फळाताईंनी तिथल्या तिथे 'हो' पुसून 'नाही' लिहिलं, खाली इंजिनिअरचा हुद्दा लिहिला. पण तोवर रस्ता रिकामा झाला होता. बंद पडलेल्या गिरणीमागे एक जुनी विहीर आहे. दिसायला पाणी नितळ. दुपारपासून लोक तिथून हंडे भरून नेत होते, आणि नंतरही दोन दिवस नेत राहिले. मग उलट्या आणि जुलाब सुरू झाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात गाद्या टाकाव्या लागल्या. त्यात इस्त्रीवाल्याची आई होती. ती घरी परत आली, पण काठीशिवाय पुन्हा चालली नाही.

लोक परिचारिकेला बोलले, मुख्याध्यापिकेला बोलले, पाणीपुरवठ्याला तर शिव्याच घातल्या. फळाताईंना फारसं कुणी बोललं नाही. दोघींनी सांगितलं आणि यांनी लिहिलं, यात यांचा काय दोष?

टाचणीने मात्र दोघींना जाऊन एकच गोष्ट विचारली: तुम्हाला कुणी सांगितलं?

परिचारिकेला दवाखान्यात झाडू मारणाऱ्या बाईने सांगितलं होतं. मुख्याध्यापिकेला शाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरने. आणि त्या दोघांना? दोघांनीही सकाळी ग्रंथालयावरून जाताना फळ्यावर वाचलं होतं. चालत्या गाडीतून किंवा चालता चालता माणूस डावी बाजू कुठली, उजवी कुठली, शेवटी प्रश्नचिन्ह आहे का, एवढं बघत नाही. ग्रंथालयाच्या फळ्यावर आहे ना? मग खरंच असणार.

माइक चुकून स्पीकरसमोर धरला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, हे सभेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बाहेरचा कुणी ओरडत नसतो. स्पीकरमधून निघालेला आवाजच माइकमध्ये परत शिरतो, वाढतो, पुन्हा शिरतो. फळ्याचं तसंच झालं होतं. फळाताईंनी विचारलेला प्रश्न गावभर फिरून दोन वेगवेगळ्या तोंडांनी उत्तर बनून त्यांच्याच फोनवर परत आला होता.

टाचणी खाली आली तेव्हा सकाळच्या चहाची वेळ होती. ती म्हणाली, "ताई, आज शेजारीण म्हणून आले नाहीये."

"मग बस तरी. बातमीदार उभा राहिला की घशाला कोरड पडते."

टाचणी बसली नाही. "डावीकडचा प्रश्न तुम्ही कधी लिहिलात? दोघींना फोन करण्याआधी की नंतर?"

प्रश्न पूर्ण व्हायच्या आतच फळाताईंना सगळं समजलं. मला हे सांगताना त्या म्हणाल्या, की हातातला कप कुठे ठेवायचा तेच त्यांना कळेना. टेबलभर पुस्तकं होती आणि कपाला जागा नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या सांगते."

दुपारी समितीचे अध्यक्ष आले. हा माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगायला हवं. फळाताईंची नोकरी कायम व्हावी म्हणून त्यांनी नगरपालिकेचे जिने झिजवले होते. साप्ताहिकाला खोली द्यायलाही त्यांनी हात वर केला होता. त्यांनी दार लोटून घेतलं आणि कपाटातलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"ती काय छापतेय ते बघायला हवं. नुसतं बघायचं. वर कुणी नाहीये आत्ता."

"साहेब, ते आगीसाठी आहे."

"ही आगच आहे. नगरपालिकेतल्या लोकांचा या फळ्यावर आधीपासून डोळा आहे. फळ्यामुळे माणसं आजारी पडली असं छापून आलं, की फळा जाईल, त्या निमित्ताने वरची खोलीही जाईल, आणि तुम्ही... तुम्हाला मी तरी किती सांभाळणार? आपल्याच घरात बसून आपल्यालाच घरचा आहेर! आणि मी खोटं बोला म्हणत नाही. दोघींनी सांगितलं, तुम्ही लिहिलं. यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. अध्यक्ष पाकीट त्यांच्या हातात देऊन गेले. तुम्हीच ठरवा, म्हणाले.

ते पाकीट पर्समध्ये घालून फळाताई घरी गेल्या. नवरा अंगणात हातावरचं ग्रीस रॉकेलने पुसत होता. त्यांनी सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "ब्रेक मी बसवतो. तपासतो दुसराच. त्याचा शेरा आधी मला दाखव असं मी म्हणालो, तर तो मला वेड्यात काढेल."

"तुमचं बरं आहे. तुमचं चुकलं तर गावभर छापत नाहीत."

"डेपोच्या बोर्डावर लावतात. नावासकट. दोनदा लागलंय माझं."

"मला नाही सांगितलंत कधी!"

"तू दोन ठिकाणी विचारलं असतंस."

मुलगी हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चेष्टा पुरे. हिची नोकरी गेली तर घर कसं चालायचं, ते कोण छापणार आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फळाताईंनी पाकीट अध्यक्षांना परत दिलं. लाख तशीच होती.

"साहेब, आग लागलेली नाही."

"लागेल."

"लागली की उघडू."

मग त्या जिना चढल्या. खोलीत गेल्या नाहीत, दाराबाहेरच उभ्या राहिल्या. टाचणीला बोलावून म्हणाल्या, "प्रश्न आधी लिहिला. फोन नंतर केले. आणि तुम्हाला हे कसं कळलं, असं दोघींपैकी एकीलाही विचारलं नाही. पद्धतीत नव्हतं ते, पण डोक्यात यायला हवं होतं."

टाचणीने लिहून घेतलं. "पाणीपुरवठ्याला किती वेळा फोन लावलात?"

"दोनदा. तिसऱ्यांदा लावायला हवा होता. किंवा कुणाला तरी टाकीवर पाठवायला हवं होतं. टाकी इथून दिसते गं."

"बरं."

"नाव घालणार माझं?"

"हुद्दा घालणार. नाव काय, सगळ्यांना माहीतच आहे."

फळाताई जायला वळल्या, पुन्हा थांबल्या. "काय लिहिलंयस, एकदा वाचून दाखवशील?"

"नाही ताई."

"बरं," म्हणून त्या खाली आल्या. अंक छापून येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते त्यांनी मला सांगितलं नाही. दोघींचा चहा मात्र त्या दिवसांत वेगवेगळा झाला, एवढं ग्रंथालयाच्या शिपायाने सांगितलं.

अंक आला. पहिल्या पानावर फळ्याची हकिकत होती. प्रश्न कसा फिरला आणि उत्तर होऊन कसा परतला ते होतं. ठराव असूनही पाणीपुरवठा खात्याने फोन उचलला नाही, ते होतं. ग्रंथालयाची पद्धत अपुरी होती आणि ती कुणी कधी तपासलीच नव्हती, हेही होतं. एक वाक्य फळाताईंना अजून पाठ आहे, पण त्या ते म्हणून दाखवत नाहीत.

अध्यक्षांचं भाकीत निम्मं खरं ठरलं. नगरपालिकेतून आदेश आला आणि फळ्यावर गोणपाट टाकलं गेलं. फळाताई मागच्या खोलीत, पट्ट्या चिकटवायला. मी त्यांना भेटलो ते तिथेच. साप्ताहिकाची खोली काढून घ्या, असंही पत्र आलं होतं. पण ते ठरवणं नगरपालिकेच्याही हातात नव्हतं आणि अध्यक्षांच्याही. चिठ्ठ्या निघाल्या. निवडलेल्या वाचकांत एक न्हावी होता, एक निवृत्त परिचारिका, एक कॉलेजात शिकणारी मुलगी. बैठक वाचनकक्षात सगळ्यांसमोर झाली. अध्यक्ष तिथे उठून म्हणाले, की मी मजकूर आधी बघायचा प्रयत्न करणार होतो, ते यांनी होऊ दिलं नाही. हे बोलायची त्यांच्यावर कुणी सक्ती केली नव्हती. साप्ताहिक खोलीत राहिलं. आणि वाचकांनी लेखी मागणी केली, की फळा परत लावा, पण पद्धत बदलून.

ती मान्य झाली, गोणपाट निघालं. आता फळ्यावर डावी बाजू नाही. उत्तर सापडेपर्यंत प्रश्न आतच राहतो, विचारणाऱ्याला फक्त तोंडी सांगतात की शोधतोय. प्रत्येक उत्तराखाली कुणाला विचारलं ते असतं, आणि त्यांना ते कसं कळलं तेही. स्वतः पाहिलं, की ऐकलं? ऐकलं असेल, तर ज्याने सांगितलं त्याला फोन. यात वेळ जातो आणि लोक कुरकुरतात. वर्षातून एकदा साप्ताहिक फळ्याची तपासणी करतं आणि काय सापडलं ते छापतं. खडू पुन्हा फळाताईंच्याच हातात आहे, पण आता त्यांच्यासोबत आणखी एक जण असतो. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय काही लिहिलं जात नाही.

हे सगळं मला चांगलं वाटलं. मी उत्साहाने म्हणालो, की ताई, दुरुस्ती अगदी मुळापासून झाली की. त्या म्हणाल्या, "इस्त्रीवाल्याकडे गेले होते मी."

त्याने टपरी बंद केली होती आणि वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, बहिणीच्या घराजवळ राहायला गेला होता. फळाताई पत्ता शोधत गेल्या. त्याने बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "ताई, मी विचारलं होतं. सांगितलं नव्हतं." एवढंच. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

आत त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. नात तिला प्यायला पाणी देत होती. पाणी विहिरीचं होतं, उकळून गार केलेलं. नळ दारातच होता. फळाताईंनी विचारलं, "आजी, नळाचं का नाही पीत?" म्हातारी म्हणाली, "त्यात जनावर मेलंय ना बाई. ग्रंथालयात लिहिलं होतं." मुलगा तिला कितीदा सांगून थकला होता. सांगूनही ती ऐकत नव्हती, कारण तो नुसता मुलगा होता आणि ते ग्रंथालय होतं.

"त्या दिवशी फळ्यासमोरून किती माणसं गेली असतील?" फळाताई मला विचारत होत्या. खडू हातात तसाच होता, बाहेर कुणीतरी वाट बघत होतं. "साप्ताहिक सगळे घेत नाहीत. फळा रोज सगळे वाचत नाहीत. तुम्ही यंत्रातलं शिकलेले आहात, म्हणून विचारते. जी माणसं 'हो' वाचून निघून गेली आणि परत या रस्त्याने आलीच नाहीत, त्यांच्या घरी 'नाही' कुणी पोचवायचं, आणि कसं?"